लिहिणाऱ्यांचे प्रश्न : ‘खूप छान’च्या पुढे

ऑनलाइन साहित्यसमूहांत कविता आणि कथा लिहिणाऱ्या वाचकांनी आपले प्रश्न पाठवावेत, असे आवाहन आम्ही मागील अंकात केले होते. आलेल्या पत्रांत निवृत्त शिक्षक आहेत, गृहिणी आहेत, बँकेत नोकरी करणारे आहेत आणि नुकतेच महाविद्यालयात गेलेले विद्यार्थीही आहेत. जवळजवळ प्रत्येकाची खंत एकच आहे : लिहिलेले शेकडो लोकांपर्यंत पोहोचते, पण कोणी ते नीट वाचले आहे असे वाटत नाही. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे मुद्दाम वगळली आहेत.

प्रश्न : मी गझल लिहिण्याचा प्रयत्न करते. आमच्या समूहातील एक ज्येष्ठ सदस्य माझ्या प्रत्येक गझलेखाली ‘मीटरमध्ये नाही’ एवढेच लिहितात. सोबतच्या मतल्याच्या, म्हणजे पहिल्या शेराच्या, दोन्ही ओळींत मी बारा-बारा अक्षरे मोजून घेतली आहेत. मग चुकते कुठे? — एक वाचिका, सांगली

*घरी आठवांचा किती हा पसारा*
*कुठे आवरावा, कुणा द्यावा सारा*

उत्तर : आपली मोजणी बरोबर आहे, परंतु गझलेच्या वृत्तात अक्षरांच्या संख्येइतकाच त्यांचा लघु-गुरू (एका मात्रेचे आणि दोन मात्रांचे अक्षर) क्रमही पाळावा लागतो. आपली पहिली ओळ भुजंगप्रयात वृत्तात चोख बसली आहे. या वृत्तात ‘लगागा’ हा तुकडा, म्हणजे एक लघु आणि त्यानंतर दोन गुरू, चार वेळा येतो. ‘घरी आ–ठवांचा–किती हा–पसारा’ असे तोडून मोठ्याने म्हणून पाहिले की तो क्रम कानाला लगेच जाणवतो. आता दुसरी ओळ तशीच तोडावी : ‘कुठे आ–वरावा–कुणा द्या–वा सारा’. पहिले तीन तुकडे ठीक आहेत, परंतु दहाव्या अक्षराच्या जागी लघु हवा असताना तेथे ‘वा’ हा गुरू आला आहे. त्यामुळे पहिल्या ओळीच्या वीस मात्रा होतात आणि दुसरीच्या एकवीस, आणि म्हणणाऱ्याचा श्वास नेमका तेथेच अडखळतो.

‘कुठे आवरावा, कुणा देउ सारा’ असे केल्यास ओळ वृत्तात बसते आणि आपला अर्थही जवळजवळ तसाच राहतो. ‘देऊ’चे ‘देउ’ करणे ही मराठी कवींनी पूर्वीपासून घेतलेली सवलत आहे. ती आपल्याला मानवत नसेल तर ‘कुणी आवरावा कसा भार सारा’ अशीही ओळ होऊ शकते, मात्र त्यात ‘कुणाला द्यावा’ हा आपला मूळचा प्रश्न हरवतो, आणि माझ्या मते या मतल्याचा जीव त्या प्रश्नातच आहे. जोडाक्षराबाबतही एक गोष्ट सांगितली पाहिजे. जोडाक्षरामुळे आधीच्या अक्षरावर उच्चारात आघात येत असेल तरच ते अक्षर गुरू धरतात. ‘पुस्तक’मधील ‘पु’ गुरू होतो, परंतु ‘तुझ्या’मधील ‘तु’ आणि ‘उन्हात’मधील ‘उ’ लघुच राहतात. नव्या गझलकारांचा गोंधळ सर्वाधिक येथे होतो, आणि अशा वेळी नियमाच्या पाठांतरापेक्षा मोठ्याने म्हणण्याचा अधिक उपयोग होतो.

आपण पूर्ण गझल पाठवली आहे, म्हणून आणखी एक दोष दाखवतो. रदीफ (यमकानंतर प्रत्येक शेरात जसाच्या तसा येणारा शब्द) नसलेली, म्हणजे गैरमुरद्दफ, गझल लिहिण्यास हरकत नाही. पण मतल्यात ‘पसारा’ आणि ‘सारा’ हे काफिये (यमकाचे शब्द) घेतल्यावर ‘रा’च्या आधीचा ‘आ’ हा स्वर पुढच्या प्रत्येक शेरात सांभाळणे बंधनकारक होते. यालाच अलामत म्हणतात. आपल्या चौथ्या शेराचा शेवट ‘फेरा’ या शब्दाने झाला आहे. तेथे ‘रा’च्या आधी ‘ए’ आल्यामुळे अलामत मोडली आहे. ‘किनारा’, ‘उतारा’, ‘पहारा’ असे शब्द चालले असते. सुरेश भट यांनी नव्या कवींसाठी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली ती याच मूलभूत गोष्टी सोप्या भाषेत हाती देण्यासाठी. आपण ती अवश्य मिळवून वाचावी.

आता तंत्रापलीकडचे एक मत. आठवणींचा पसारा ही कल्पना मराठी गझलेत पुष्कळदा येऊन गेली आहे. आपल्या दुसऱ्या ओळीतील दुहेरी प्रश्नामुळे ती येथे थोडी ताजी झाली, परंतु पुढच्या चारही शेरांत त्या पसाऱ्यातील एकही वस्तू दिसत नाही. एखादी जरी वस्तू नावानिशी आली असती तरी ही गझल आपल्याच घरातली वाटली असती. आणि त्या ज्येष्ठ सदस्यांना पुढच्या वेळी नम्रपणे एवढेच विचारावे : ‘कोणत्या ओळीतील कितवे अक्षर?’ ज्याला वृत्त कळते त्याला हे सांगायला अर्धा मिनिटही लागत नाही, आणि ते सांगितल्याशिवाय दिलेला शेरा नव्या कवीच्या काही उपयोगाचा नसतो.

प्रश्न : कथा टाकली की तासाभरात अंगठे, हात जोडलेल्या मुद्रा आणि ‘खूप छान’, ‘अप्रतिम’, ‘डोळ्यांत पाणी आले’ असे प्रतिसाद येतात. सुरुवातीला बरे वाटले, आता शंका येते की कथा कोणी वाचतच नाही. नेमका अभिप्राय कसा मागावा? — एक सेवानिवृत्त लिपिक, सोलापूर

उत्तर : आपली शंका पूर्णपणे खरी नसली तरी अगदीच निराधारही नाही. मोठ्या समूहात रोज वीस-पंचवीस रचना येतात, आणि प्रत्येकीखाली काहीतरी लिहिणे हा तेथील शिष्टाचार होऊन बसतो. त्यामुळे ‘खूप छान’ हा शब्दप्रयोग भेटल्यावर केलेल्या नमस्काराइतका सवयीचा होतो. त्यामागे आपुलकी असते, ती नाकारू नये. परंतु त्यातून कथेला काहीही मिळत नाही, हेही तितकेच खरे आहे.

नेमका अभिप्राय कसा दिसतो ते आपण पाठवलेल्या कथेवरूनच दाखवतो. कथेची सुरुवात अशी आहे : ‘सुमन खूप दुःखी होती. तिचे मन भरून आले होते. तिला आईची खूप आठवण येत होती.’ ही तीन वाक्ये वाचताना मला सुमनबद्दल काहीच वाटले नाही, कारण मला काय वाटावे ते लेखकाने आधीच ठरवून टाकले होते. पुढे चौथ्या परिच्छेदात आपण लिहिता : ‘आईने पाठवलेले लोणचे तिने अजून संपवले नव्हते. बरणीच्या तळाशी उरलेली एक फोड ती रोज बघायची आणि झाकण लावून टाकायची.’ येथे मी थांबलो. आई आता दुसरी बरणी पाठवणार नाही, हे कोणी न सांगता मला कळले. आपली कथा या वाक्यापासून सुरू होते. आधीचे साडेतीन परिच्छेद काढून टाकले तरी कथेचे काही बिघडत नाही. शेवटच्या पानावर सुमन तीच बरणी घासून स्वच्छ करते आणि त्यानंतर लेखक ‘आई शरीराने गेली तरी मनात अमर असते’ असे वाक्य घालतो. ते वाक्य गाळावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. घासलेली बरणी पुरेशी आहे.

असा अभिप्राय मिळवायचा असेल तर ‘कशी वाटली?’ असे विचारू नये, कारण त्याला ‘छान’ याखेरीज दुसरे सभ्य उत्तर नसते. ‘वाचताना कुठे कंटाळा आला?’, ‘शेवट आधीच कळला का, आणि कळला असल्यास कोणत्या वाक्यापाशी?’ असे प्रश्न कथेखालीच लिहून ठेवावेत. त्यांची उत्तरे देण्यासाठी कथा वाचावीच लागते. दुसरे असे की, तीन हजार शब्दांची कथा व्हॉट्सॲपच्या एका संदेशात टाकली तर बहुतेक वाचक ‘अधिक वाचा’पाशी थांबतात. प्रतिलिपीसारखे मंच किंवा मायबोलीसारखी संकेतस्थळे दीर्घ लेखनासाठी अधिक सोयीची आहेत. मायबोली १९९६ पासून सुरू आहे, आणि तेथे कथेखालची चर्चा वर्षांनंतरही वाचता येते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. कारण दुसऱ्याच्या कथेवर जाणत्या वाचकांनी घेतलेले आक्षेप वाचूनही पुष्कळ शिकता येते.

तरीही माझा अनुभव असा आहे की, खरे वाचन दोनशे जणांच्या समूहात होत नाही, दोघा-तिघांत होते. आपल्याला ज्यांचे लेखन आवडते अशा एका-दोघांच्या कथेवर आपण आधी सविस्तर लिहावे. कोणती ओळ का आवडली, कोणता परिच्छेद सैल वाटला, हे चार ओळींत का होईना, पण कथेवर बोट ठेवून लिहावे. असा वाचक मिळाला की कोणताही लेखक त्याला सोडत नाही.

प्रश्न : माझी कविता माझे नाव काढून सगळीकडे फिरते आहे. एका ठिकाणी तर ती एका दिवंगत नामवंत लेखकाच्या नावावर आली. मी नोंदणी केली नव्हती. आता माझा हक्क उरला आहे का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : हक्क पूर्णपणे आपलाच आहे. प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा, १९५७ नुसार रचना लिहून झाली त्या क्षणी तिच्यावर लेखकाचा हक्क निर्माण होतो आणि तो लेखकाच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. नोंदणी सक्तीची नाही. वाद झाल्यास पुरावा म्हणून तिचा उपयोग होतो, आणि साहित्यकृतीसाठी तिचे शुल्क ५०० रुपये आहे. याच कायद्याच्या ५७व्या कलमाने लेखकाला आणखी एक स्वतंत्र अधिकार दिला आहे : रचनेचा कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा, आणि आपल्या प्रतिष्ठेला बाध येईल अशी मोडतोड कोणी केल्यास ती रोखण्याचा. प्रताधिकार दुसऱ्याला देऊन टाकला तरी हा अधिकार लेखकाकडेच राहतो. आपले नाव पुसून तेथे दुसऱ्याचे घालणे हा थेट याच अधिकाराचा भंग आहे.

प्रत्यक्षात काय करता येईल, हे माध्यमानुसार बदलते. सार्वजनिक पानावर कविता असेल तर प्रथम टाकणाऱ्याला सभ्य भाषेत लिहावे, सोबत आपण ती प्रथम जेथे प्रसिद्ध केली तेथील तारखेसह पडद्याचे चित्र (स्क्रीनशॉट) जोडावे. बहुतेक जण अजाणतेपणी पुढे पाठवतात आणि सांगितल्यावर नाव घालतात. तेवढ्याने न झाल्यास त्या मंचाच्या तक्रार अर्जाचा उपयोग करावा. कायदेशीर स्वरूपाची लेखी तक्रार मिळाल्यास मंचाने ३६ तासांत तो मजकूर रोखणे अपेक्षित असते. मात्र अशा तक्रारीत २१ दिवसांच्या आत न्यायालयात दावा दाखल करण्याची हमी द्यावी लागते, म्हणून तो मार्ग विचारपूर्वक निवडावा. व्हॉट्सॲपवरील संदेश कूटबद्ध असल्यामुळे तो मुळात कोणी पाठवला हे आपल्याला शोधता येत नाही. तेथे एकच उपाय उरतो, तो म्हणजे आपली मूळ कविता नावासह आणि तारखेसह एखाद्या उघड्या ठिकाणी आधी प्रसिद्ध करून ठेवणे आणि वाद झाला की तो दुवा देणे. कविता स्वतःच स्वतःला टपालाने पाठवून पाकीट बंद ठेवावे, असा सल्ला अनेक समूहांत दिला जातो. त्याला कायद्यात विशेष स्थान नाही. कच्चे खर्डे आणि दुरुस्त्यांच्या वह्या जपून ठेवणे अधिक उपयुक्त ठरते.

या निमित्ताने सर्वच वाचकांना विनंती आहे. पु. ल. देशपांडे आणि व. पु. काळे यांच्या नावावर त्यांनी कधीही न लिहिलेला कितीतरी मजकूर आज फिरतो आहे. त्यामागे कोठेतरी आपल्या या वाचकासारखा एखादा खरा लेखक असतो, आणि त्याचे नाव कायमचे पुसले जाते. खात्री नसेल तेव्हा मजकूर पुढे पाठवू नये.

प्रश्न : समूहाच्या प्रशासकांनी ‘प्रातिनिधिक काव्यसंग्रह’ काढायचे ठरवले आहे. प्रत्येक कवीने ठरावीक रक्कम भरायची, त्याबदल्यात दोन प्रती आणि सन्मानचिन्ह मिळणार. पुस्तकाला आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) असेल असे ते आवर्जून सांगतात. सहभागी व्हावे का? — एक शिक्षिका, लातूर

उत्तर : मित्रांनी खर्च वाटून घेऊन पुस्तक काढण्यात गैर काहीच नाही. मात्र त्याला प्रकाशकाने केलेली निवड समजू नये. आयएसबीएन क्रमांक ही दर्जाची खूण नाही. भारतात तो शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनाशुल्क मिळतो, आणि त्यासाठी मजकुराची कोणतीही पारख होत नाही. रक्कम भरणाऱ्या प्रत्येकाची कविता घेतली जाणार असेल, तर त्या पुस्तकात आपली कविता असणे म्हणजे एवढेच की आपण रक्कम भरली.

निर्णय घेण्यापूर्वी चार गोष्टी लेखी विचाराव्यात : कवितांची निवड आणि संपादन कोण करणार, प्रती किती छापणार, त्या विक्रीला कोठे ठेवणार आणि कवितेचे हक्क कोणाकडे राहणार. हक्क लेखी करारावाचून आणि सहीवाचून दुसऱ्याकडे जात नाहीत, हे ध्यानात ठेवावे. करारात मुदत लिहिली नसेल तर कायद्याने ती पाच वर्षे मानली जाते. ‘सर्व हक्क प्रकाशकाधीन’ असे वाक्य असलेल्या कागदावर सही करू नये. ‘या संग्रहापुरती एकदा छापण्याची परवानगी’ एवढेच लिहून द्यावे. पैसे भरण्याची आपली तयारी असेलच, तर माझे मत असे की तेच पैसे एखाद्या चांगल्या नियतकालिकाच्या वार्षिक वर्गणीसाठी आणि चार कवितासंग्रहांसाठी खर्च केल्याने आपल्या कवितेला अधिक लाभ होईल.

प्रश्न : आमच्या समूहात सोमवारी चारोळी, मंगळवारी अष्टाक्षरी, बुधवारी हायकू, गुरुवारी अलक (अतिलघुकथा) असा क्रम आहे. रोज विषय मिळतो, रात्री निकाल लागतो आणि डिजिटल प्रमाणपत्र येते. माझ्याकडे प्रमाणपत्रांचा ढीग झाला आहे, पण कविता सुधारल्याचे जाणवत नाही. — एक वाचिका, ठाणे

उत्तर : रोज लिहिण्याची सवय लागली, हा या उपक्रमाचा खरा लाभ आहे. परंतु एका दिवसात लिहून, त्याच दिवशी स्पर्धेला पाठवून, दुसऱ्या दिवशी नवा विषय हाती घेतला तर दुरुस्तीला वेळच उरत नाही, आणि कविता सुधारते ती दुरुस्तीत. आठवड्यातून दोनच विषय घ्यावेत आणि उरलेल्या दिवसांत जुन्या रचना पुन्हा हातात घ्याव्यात. प्रकारांचा मूळ स्वभावही समजून घ्यावा. अष्टाक्षरी हा अक्षरे मोजण्याचा छंद आहे, त्यात लघु-गुरूचे बंधन नाही; ती ओवी-अभंगाच्या कुळातली आहे. तुकोबांचा सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा मोठा अभंग मोठ्याने म्हटला की अक्षरसंख्येतूनही लय कशी उभी राहते ते कळते. शिरीष पै यांनी मराठीत रुजवलेल्या हायकूत पाहिलेला एक क्षण असतो, उपदेश नसतो. आपण पाठवलेल्या सातही हायकूंची तिसरी ओळ उपदेशाची आहे.

प्रश्न : मी वऱ्हाडीत कथा लिहितो. समूहातील काही जण ‘मले’, ‘तुले’ दुरुस्त करून ‘मला’, ‘तुला’ करून पाठवतात आणि ‘आधी शुद्ध लिहायला शिका’ म्हणतात. मी प्रमाण भाषेकडे वळावे का? — एक शेतकरी वाचक, अकोला जिल्हा

उत्तर : मुळीच वळू नये. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते, आणि त्यांची गाणी खानदेशी बोलीत होती. त्यांचे पुत्र सोपानदेव आणि आप्त यांनी ती उतरवून ठेवली, आचार्य अत्रे यांनी पुढाकार घेतल्यामुळे १९५२ मध्ये ती पुस्तकरूपाने आली, आणि त्यानंतर ती अवघ्या महाराष्ट्राची झाली. त्या ओळी कोणी ‘शुद्ध’ करून छापल्या असत्या तर त्यांतील अर्धा जीव गेला असता. वऱ्हाडीतच विठ्ठल वाघ यांची कविता आपल्यासमोर आहे. बोली अशुद्ध असते हा समज शाळेच्या वहीतून आलेला आहे आणि तो साहित्याच्या समूहात तरी चालू देऊ नये.

एक सूचना मात्र मनावर घ्यावी. बोलीचे लेखन ठरलेले नसते, म्हणून आपले आपण ते ठरवून घ्यावे लागते. आपल्या कथेत एका पानावर ‘काहून’ आहे आणि पुढच्या पानावर ‘कावून’. दोन्ही रूपे बोलण्यात येतात, परंतु एकाच पात्राच्या तोंडी दोन्ही आली तर वाचक अडखळतो आणि टीकाकारांना आयते निमित्त मिळते. कोणते पात्र कोणत्या गावचे आहे आणि कसे बोलते, याची एक छोटी यादी करून जवळ ठेवावी. कथेखाली अवघड शब्दांचे अर्थ देण्याचीही गरज नाही. ‘सांडशी’ कशासाठी लागते हे आपल्या कथेतील बाई चुलीवरचे भगुने उतरवते तेव्हा आपोआप कळते.

प्रश्न : मी टोपणनावाने लिहिते. घरच्यांना ठाऊक नाही. पुढे कधी माझेच लेखन माझे म्हणून सिद्ध करता येईल का? टोपणनावाने लिहिणे भित्रेपणाचे आहे, असे एका सदस्याने सुनावले. — एक वाचिका (गाव कळवलेले नाही)

उत्तर : त्या सदस्याचे म्हणणे आपण मनाला लावून घेऊ नये. वि. वा. शिरवाडकर कुसुमाग्रज झाले, चिं. त्र्यं. खानोलकरांनी आरती प्रभू या नावाने कविता लिहिली, माणिक गोडघाटे ग्रेस म्हणूनच ओळखले गेले. टोपणनाव घेण्याची कारणे ज्याची त्याने ठरवायची असतात, आणि घरात लिहिण्याची मोकळीक नसलेल्या स्त्रीला तर ती कोणाला सांगण्याचीही गरज नाही.

टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या रचनेलाही प्रताधिकार असतो. लेखकाची ओळख उघड झालेली नसेल तर त्याची मुदत प्रकाशनापासून ६० वर्षे मोजतात. पुराव्यासाठी समूहातील खाते ज्या ईमेलशी जोडले आहे तो पत्ता फक्त आपल्याच ताब्यात ठेवावा आणि विश्वासाच्या एका व्यक्तीला तरी हे लेखन आपले असल्याचे सांगून ठेवावे. दुसरी काळजी त्याहून महत्त्वाची आहे. बंद समूहातील मजकुराचेही चित्र काढून कोणीही बाहेर पाठवू शकते. कथेतील सासू, तिचे गाव, तिची बोलण्याची लकब आणि घराचे वर्णन हे सर्व जसेच्या तसे असेल, तर टोपणनाव काही दिवसच टिकेल. व्यक्तीचे दुःख किंवा दुष्टपणा जरूर ठेवावा, परंतु तपशील बदलावेत. बदललेल्या तपशिलांमुळे कथा पुष्कळदा अधिक मोकळी होते, हाही एक लाभ आहे.

प्रश्न : समूहात टाकलेली कथा दिवाळी अंकाला पाठवता येते का? — अनेक वाचक

उत्तर : काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली, आणि आजही नव्या कथालेखकासाठी तेच मोठे दार आहे, म्हणून हा प्रश्न महत्त्वाचा आहे. बहुतेक संपादक ‘अप्रकाशित’ साहित्य मागतात, आणि उघड्या संकेतस्थळावरील कथा त्यांच्या दृष्टीने प्रकाशित झालेली असते. बंद समूहात काही जणांनी अभिप्रायासाठी वाचलेल्या कथेबद्दल मते वेगवेगळी आहेत, म्हणून कथा पाठवतानाच तसे एका ओळीत कळवावे. लपवलेले नंतर उघड झाले तर संपादकाचा विश्वास कायमचा जातो. जी कथा अंकाला पाठवण्याचा विचार आहे ती समूहात न टाकता दोन-तीन वाचकांना वैयक्तिक पाठवावी, आणि टंकलेखन युनिकोडमध्ये करावे. जुन्या फॉन्टमधील मजकूर दुसऱ्या संगणकावर वाचता येईलच असे नसते.

प्रश्न : मी दीडशे सदस्यांच्या समूहाचा प्रशासक आहे. कठोर अभिप्राय दिला की माणसे समूह सोडतात, न दिला तर समूह ‘छान-छान’चा होतो. अलीकडे काही जण यंत्राकडून, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेकडून, कविता लिहवून घेऊन स्वतःच्या नावावर टाकतात, असाही संशय आहे. काय करावे? — एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्याच शहरात १९२३ मध्ये माधव जूलियन, यशवंत, गिरीश, मनोरमाबाई आणि श्री. बा. रानडे या मंडळींनी रविकिरण मंडळ सुरू केले. मोजकी माणसे नियमाने एकत्र जमत, एकमेकांना कविता वाचून दाखवत आणि त्यांवर बोलत. त्यांच्यात मतभेद होते, परंतु ती एकमेकांची कविता ऐकण्यासाठी पुन्हा पुन्हा जमत राहिली. दीडशे जणांत तसे घडणे कठीण आहे, म्हणून समूह मोडू नये, पण त्याच्या आत आठ-दहा जणांचे गट करावेत. प्रत्येक गटाने आठवड्याला एकाचीच रचना घ्यावी आणि गटातील सर्वांनी त्या एका रचनेवर लिहावे. ज्याने मागच्या आठवड्यात अभिप्राय दिला नाही त्याची पाळी पुढे ढकलावी.

रचनेसोबत लेखकाने ‘केवळ वाचावे’ किंवा ‘दुरुस्त्या सुचवाव्यात’ यांपैकी एक खूण करावी, असा नियम ठेवावा. वडिलांच्या निधनानंतर चार दिवसांनी लिहिलेल्या कवितेखाली कोणी ऱ्हस्व-दीर्घ काढू नये, आणि ज्याने दुरुस्त्या मागितल्या आहेत त्याने त्या आल्यावर रुसू नये. या एका खुणेने दोन्ही गोष्टी साधतात. कठोर अभिप्राय असा शब्द आपण वापरला आहे. माणसे दुखावतात ती बहुधा दोष दाखवल्यामुळे नव्हे, तर दोष कोठे आहे ते न सांगता लेखकाची लायकी काढल्यामुळे. ‘तुम्हाला कविता जमत नाही’ हे वाक्य समूहात चालणार नाही, आणि ‘तिसऱ्या कडव्यात यमकासाठी “नभी” आला आहे, तेथे अर्थ थांबतो’ हे चालेल, असे उदाहरण देऊनच नियमावलीत लिहावे.

यंत्राने लिहिलेल्या कवितेबाबत चौकशी समिती नेमू नये. खात्रीने ओळखण्याचे साधन आपल्याकडे नाही आणि खोट्या आरोपाने एखादा खरा कवी कायमचा दुरावतो. त्याऐवजी कवीला त्याच्या रचनेबद्दल प्रश्न विचारावेत : हा शब्द का निवडला, आधी येथे काय होते, ही ओळ काढली तर काय बिघडेल. ज्याने कविता स्वतः लिहिली आहे तो यावर भरभरून बोलतो, आणि बाकीचे श्रोते त्या बोलण्यातून शिकतात. आपल्या समूहात ज्या सदस्याची पहिलीच कविता येते, तिच्यावर प्रशासक म्हणून आपण स्वतः चोवीस तासांच्या आत एक तरी नेमकी ओळ लिहावी, तिच्यातील कोणता शब्द वाचून आपण थांबलो ते सांगणारी. पहिल्या कवितेला तसा वाचक मिळाला की तो सदस्य दुसऱ्यांच्या कवितांनाही तसाच वाचू लागतो, असे मी पुष्कळ समूहांत पाहिले आहे.